सोमवार बंद

“ऐकू आलं की बटण दाबायचं. कितीही बारीक आलं तरी दाबायचं. नाही आलं तर दाबायचं नाही.”

“आणि आल्यासारखं वाटलं तर?” रणजितनं विचारलं.

“तरी दाबायचं.”

“लग्नाचं पण असंच असतंय काय रे संमेद? आवडल्यासारखी वाटली तरी हो म्हणायचं?”

गाडीच्या दारात रांग लावून उभे असलेले हसले. त्याला हेडफोन लावून मी बूथचं दार ओढून घेतलं.

मंगळवार होता, सकाळचे साडेसहा. कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फोर्जिंग कंपनीच्या आवारात आमची गाडी उभी होती. गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आतली बाकं काढून मागच्या अर्ध्या भागात कपाटाएवढा बूथ बसवला होता. चार इंच जाडीच्या भिंती, दाराला रबराची कड, बाजूला वहीच्या पानाएवढी काच. माणसानं आत काचेकडे कूस करून बसायचं, म्हणजे त्याला माझे हात दिसत नाहीत. मी बाहेरून यंत्रावर एकेक सूर पाठवायचा. त्याला ऐकू आला की तो हातातलं बटण दाबणार आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागणार. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान वर्षातून एकदा असे तपासावे लागतात. बीएस्सीला फिजिक्स घेतलं तेव्हा मी वेगळं काहीतरी ठरवलं होतं, पण पगार या गाडीत मिळत होता.

रणजित मगदूम त्या कंपनीत हॅमरवर होता. तापून केशरी झालेला लोखंडाचा तुकडा सांडशीनं साच्यावर धरायचा, पायाखालची पट्टी दाबायची, की वरून दीड टनाचा घण पडायचा. सात वर्षं तो हेच करत होता. आणि आठवड्यातून एक दिवस तो आमचा ड्रमर होता.

आमच्या बँडचं नाव ‘सोमवार बंद’. एमआयडीसीला सोमवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि तिघांना एकत्र वाजवायला मिळायचं ते त्याच दिवशी. मी बेस गिटार वाजवायचो. मृणाल सुतार गायची, गिटार वाजवायची आणि गाणी लिहायची. बाकी सहा दिवस ती काकांच्या पॅटर्न शॉपमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. इतर दिवशी कुठं कार्यक्रम असला की रजा काढायला आम्ही एकच कारण वापरायचो. मी आणि रणजित मुलगी बघायला जायचो आणि मृणालला बघायला यायचे. कंपनीच्या नोंदीप्रमाणे रणजितनं तोवर अकरा मुली बघितल्या होत्या. त्याचे सुपरवायझर कळवळून म्हणायचे, “मगदूम, अरे एक तरी पसंत कर की!”

तपासणी सात मिनिटांत झाली. माझा हात त्या दिवशी चांगला लागला होता. पायानंही मी बारीक ताल धरला होता, हे नंतर आठवलं. कागद बाहेर आला आणि मी तो उजेडात धरून बघितला. हॅमरवरच्या बाकी अकरा जणांच्या आलेखांत चार हजार हर्ट्झपाशी खड्डा होता. कानावर आघात झाले की पहिला खड्डा तिथंच पडतो. रणजितची रेघ मात्र शाळेतल्या पोराच्या कानासारखी सरळ गेली होती.

“लोखंडाचे कान आहेत तुझे,” मी म्हणालो.

“कारखानाच तसला आहे,” तो म्हणाला आणि हेल्मेट घालून कामावर गेला.

*

पुण्यातल्या एका महोत्सवात आम्हाला जागा मिळाली होती. स्वतःची गाणी करणाऱ्या बँडसाठीचा महोत्सव. शनिवारी दुपारी चारची वेळ, तीस मिनिटं. तीन वर्षं आम्ही अर्ज करत होतो. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते, म्हणजे तीन सोमवार.

आम्ही मृणालच्या काकांच्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर वाजवायचो. ओतकामाचा साचा करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. माळ्यावर चाळीस वर्षांचे पॅटर्न रचलेले होते. पंपांची पोटं, दातेरी चाकं, झडपा, सगळं सागवानी, लाल आणि पिवळ्या रंगानं रंगवलेलं. त्यातली निम्मी यंत्रं आता कुठं बनतही नाहीत. सोमवारी खाली कुणी नसायचं, रस्त्यावर ट्रक नसायचा. एरवी तिथली जमीनसुद्धा थरथरत असते. त्यामुळे सोमवारची शांतता कानाला नुसती शांतता वाटायची नाही. कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी वाटायची.

“मला एक बोलायचंय,” मृणाल म्हणाली. कोल्हापुरातल्या बऱ्याच मुलींसारखी ती ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची. “मी गेले दोन महिने बघतोय. आपली सगळी गाणी सारखी व्हायला लागलीत.”

“सारखी म्हणजे?” रणजितनं विचारलं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्याला सवय होती. आम्हाला ते प्रेमळ वाटायचं.

“वेग. कुठलंही गाणं काढा, दोन कडव्यांत त्याच वेगाला येतंय. हळू असलं तर पळायला लागतंय, पळतं असलं तर रेंगाळतंय. माझं ते झोपेचं गाणं असं चालतंय, जसं कुणी मागं लागलंय.”

मी हसलो नाही, कारण मी ते मोजलं होतं. दर सोमवारी आम्ही मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचो. अशी चौदा रेकॉर्डिंग घेऊन मी प्रत्येक गाण्याच्या वेगाचा आलेख काढला होता. तो मी दोघांना दाखवला. डावीकडे चौदा रेघा चौदा ठिकाणांहून निघत होत्या. उजवीकडे पोहोचेपर्यंत सगळ्या एकात एक मिसळून एकच रेघ झाली होती. मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके.

“म्हणजे आपण पक्के झालो,” रणजित म्हणाला.

“पक्के नाही रे. कुणीतरी ओढतंय आपल्याला.”

“ड्रमरनं ओढायचंच असतंय बाई. तुम्ही दोघं बैल मागं राहताय म्हणून ओढतो. चला, ‘भोंगा’ घ्या.”

‘भोंगा’ हे मृणालचं सगळ्यात चांगलं गाणं. पाळी सुरू व्हायच्या भोंग्यावर होतं. मध्यावर तिघांनी एकदम थांबायचं आणि आठ मोजून पुन्हा एकदम उठायचं. या आठांत कुणी काही वाजवायचं नाही, पायसुद्धा आपटायचा नाही. भोंगा थांबतो आणि यंत्रं सुरू होतात, त्या दोहोंमधली ती जागा. मी मनात मोजायचो, मृणालही मोजायची, आणि आमचं कधी कधी चुकायचं. रणजितचं एकदाही चुकलं नव्हतं.

आम्ही सुरू केलं. रणजितनं नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. पहिलं कडवं संपत आलं आणि वीज गेली. सोमवारी दुरुस्तीसाठी जायचीच. माझा आणि मृणालचा ॲम्प्लिफायर एकदम मेला, माइक गेला, वरचा पंखा फिरत फिरत मंदावला. आम्ही दोघं थांबलो.

रणजित थांबला नाही.

मृणालनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. मी हात वर करून तिला अडवलं. का अडवलं, त्याचं खरं उत्तर असं की मला बघायचं होतं.

तो पूर्ण गाणं वाजवत गेला. दुसऱ्या कडव्याच्या आधीची उसळी त्यानं घेतली. मृणाल जिथं आवाज खाली आणते तिथं त्यानं हात हलका केला. एका ठिकाणी मी सूर लांबवतो, तिथं त्यानं मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे तोंड करून मान डोलावली. मग तो थांबला. माळ्यावर एवढी शांतता झाली की मला रचलेल्या लाकडांचं करकरणं ऐकू आलं. मी मोजत होतो. आठ झाले आणि नवव्याला त्याची काठी बरोब्बर पडली. शेवटपर्यंत वाजवून त्यानं झांज हातानं दाबली आणि डोळे उघडले. घामानं चेहरा चमकत होता.

“आईशप्पत!” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा तुम्ही दोघं मागं राहिला नाही. काय लागलाय आवाज!”

मृणाल हातातल्या गिटारच्या तारांवर तळवा ठेवून उभी होती. मग रणजितचं लक्ष वर गेलं.

“लाईट कधी गेली?”

“आत्ताच,” ती म्हणाली. “आत्ता, गाणं संपताना.”

*

तो खाली चहा सांगायला गेला तेव्हा तिनं मला विचारलं, “त्याचे कान तूच तपासलेस ना?”

“गेल्या मंगळवारी. एकदम चांगले आहेत.”

“परत तपास.”

गाडी पंधरा दिवसांसाठी कंपनीच्याच आवारात उभी होती आणि किल्ली माझ्याकडे होती. यंत्र नीट चालतंय का ते बघायचंय, पाच मिनिटं एक माणूस पाहिजे, असं सांगून मी रणजितला नेलं. मृणाल सोबत आली. सुट्टीमुळे आवारात चिटपाखरू नव्हतं. हॅमरच्या शेडचं पत्र्याचं दार ओढलेलं होतं. वॉचमन रणजितला ओळखत होता, त्यानं हात करून आत सोडलं.

रणजित बूथमध्ये बसला. मी दार लावलं आणि यंत्रासमोर बसलो. पहिला सूर, दुसरा, तिसरा. हिरवा दिवा प्रत्येकाला लागत गेला. चौथा सूर पाठवताना माझी नजर माझ्या पायाकडे गेली. पाय ताल देत होता. एक-दोन-तीन-चार, आणि पुढच्या एकला बोट बटणावर.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात, सूर कधी ठरावीक अंतरानं पाठवू नका. माणूस सूर न ऐकता अंतर ओळखायला शिकतो. ही चूक मी बाकी कुणाच्या बाबतीत केली असती तरी फार बिघडलं नसतं. माझ्या तालावर तीन वर्षं वाजवलेला माणूस जगात एकच होता, आणि तो आत बसला होता.

मी बोट उचललं. आता काही पाठवायचं नाही, तो थांबला की कळेल.

दिवा लागला.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. काचेतून मला त्याची कूस दिसत होती, किंचित डोलत होती. डोळे मिटलेले.

“तू थांबलास?” मृणालनं कुजबुजत विचारलं.

“केव्हाच.”

“मग तो काय ऐकतोय?”

मी मोबाइलचं घड्याळ लावलं. वीस वेळा दिवा लागायला सत्तावन्न सेकंद गेले. दोन दिव्यांत तीन सेकंदांना थोडं कमी. मी कागदावर भागाकार केला. तो दर चौथ्या ठोक्याला दाबत असेल, तर ठोके मिनिटाला चौऱ्याऐंशी होत होते.

मग मी मधल्याच वेळी चार हजारचा सूर पाठवला. आधी बारीक. मग मोठा. मग एवढा मोठा की चांगल्या कानाच्या माणसानं हेडफोन काढून फेकला असता. रणजितच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दिवा लागला, पण त्याच्या वेळी, माझ्या नाही.

मी दार उघडलं.

“काय, पास का?” हेडफोन काढत त्यानं विचारलं.

“रणज्या, मंगळवारी तुला सूर ऐकू येत होते?”

तो मृणालकडे बघून हसला, मग हसणं आवरलं. “निम्मे न्हवते येत. बारीक-उंच तर एक पण नाही. खरं तुझा हात मला पाठ आहे की मर्दा. पहिले चार आले, त्यावर कळलं तू कसा पाठवायलायस ते. दाबत गेलो. सगळेजण नापास व्हायला लागले होते. म्हटलं, बघू.”

“आणि आज?”

“आज काय, आज पहिल्यापासून शेवटपर्यंत आलं की. खणखणीत.”

“आज मी तीन-चारच पाठवले. मग बराच वेळ काहीच पाठवलं नाही.”

“असं कसं?”

“विचार मृणालला. माझे हात मांडीवर होते.”

मृणालनं मान डोलावली. त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तो ज्या खुर्चीवरून उठला होता तिच्याकडे वळून त्यानं बूथच्या आत बघितलं. चारही कोपरे बघितले.

“मग कोण पाठवत होतं?” तो म्हणाला.

त्यानं हे गमतीनं विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाल्यावर मी कानांत इअरप्लग घालून हॅमरच्या शेडमध्ये गेलो. रणजित तेव्हा भट्टीकडे होता. हॅमरवर बाबर नावाचे वयस्कर गृहस्थ होते. पंधरा सेकंदांत एकवीस घाव. मी तीनदा मोजलं. एकवीस, एकवीस, एकवीस. मिनिटाला चौऱ्याऐंशी.

घाव थांबले तेव्हा मी बाबरांच्या कानाशी ओरडून विचारलं, “वेग तुम्ही ठरवता का?”

“छ्या!” ते ओरडले. “त्यो त्याचं त्यो ठरवतोय. आपण नुसता पाय द्यायचा.”

याचं स्पष्टीकरण मला माहीत होतं. कानातले बारीक केस मेले की मेंदू ती रिकामी जागा आपल्या जवळच्या आवाजानं भरतो. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला पाण्याची धार. रणजितच्या कानात त्यानं हॅमर ठेवला होता. बहुतेक त्याच्यामागून तो आमच्यातही शिरला होता. आमचं संगीत त्या घणाच्या तालावर चाललं होतं आणि माळ्यावर वीज गेली तेव्हा तो कुणाबरोबर वाजवत होता, तेही आता कळत होतं. कळल्यानं बरं वाटायला हवं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं चहाच्या गाड्यावर बसलो. मी रणजितला समोर बसवलं आणि सावकाश बोललो. “तुला हॅमरवरून उतरायला पाहिजे. आत्ता उतरलास तर बोलणं ऐकायचा कान वाचेल. अजून एक वर्ष काढलंस तर तोही जाईल. गेलेला परत येत नाही.”

“उतरवून कुठं घालतील, माहीत आहे?”

“कुठं?”

“गेटवर. गेट सोमवारी चालू असतंय.” तो ग्लास फिरवत राहिला. “पाळ्या फिरत्या. रजा दोन महिने आधी सांगायची. म्हणजे पुणं गेलं आणि सोमवार पण गेला. मग मी करायचं काय? गेट उघडायचं, गेट झाकायचं?”

“रणज्या, तुझे कान—”

“तुझा रिपोर्ट आहे की. मंगळवारचा. मी पास झालोय त्यात.”

त्यानं ग्लास गाड्यावर ठेवला.

“पुणं होऊ दे, मग तू म्हणशील ते. इअरप्लग घालीन, जोतिबाची शपथ.”

पण तसं होणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. रिपोर्ट एकदा दिला की पुढची तपासणी वर्षानं. मधेच काय म्हणून मी सांगणार होतो? की मी चुकीचा रिपोर्ट दिला?

तो गेल्यावर मृणाल म्हणाली, “पुण्याला नाही गेलो तरी चालेल.”

“खरंच चालेल तुला?”

ती गाड्याच्या कडेला लावलेल्या मिरच्या-लिंबाकडे बघत राहिली. “कानातलं तुला कळतंय,” शेवटी ती म्हणाली. “मला विचारू नको. विचारलंस तर मी काय म्हणेन त्याची मला भीती वाटते.”

शुक्रवारी तपासणी संपली. एकशे बारा आलेख मी अनुक्रमानं लावले. मंगळवारचा रणजितचा आलेख त्यात होता, ती सरळ रेघ. सोमवारचा नव्हता, कारण सोमवारी सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी कुणाची तपासणी झालेलीच नव्हती. डॉक्टरांनी न बघता सह्या केल्या. गठ्ठा मी स्वतः नेऊन दिला.

*

पुण्यात दुपारी चारला ऊन मंचावर तिरपं येत होतं. समोर चारशे-पाचशे माणसं असतील. रणजितनं बारावी मुलगी बघायला रजा काढली होती आणि मंचावर चढताना सुपरवायझरचा आशीर्वाद म्हणून दाखवला. आम्ही हसत हसतच सुरू केलं. पाच गाणी बरी गेली. शेवटी ‘भोंगा’.

मध्यावर आम्ही थांबलो. पाचशे माणसंही थांबली. एवढ्या उघड्या मैदानात अशी शांतता होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. मी मोजायला लागलो. एक. दोन. तीनला माझी नजर रणजितवर गेली. मिटलेले डोळे, मान किंचित कललेली, बूथमध्ये होती तशी. मला तो हिरवा दिवा आठवला आणि मी मोजायचं विसरलो.

आता मी कधी उठायचं, हे मला माहीत नव्हतं. 

तेव्हा मला तो ठोका ऐकू आला. ड्रमचा नव्हे. खालून, मंचाच्या लाकडातून, टाचांतून वर. जड आणि सावकाश, जसं दूर कुठंतरी काहीतरी मोठं पडतंय आणि उचललं जातंय. मी डोळे मिटले. मी काही मोजलं नाही, नुसता पाय दिला.

आम्ही तिघं एकाच क्षणी उठलो. मैदानातून जो आवाज आला, तसा पुन्हा कधी आमच्या वाट्याला आला नाही.

खाली उतरल्यावर मृणालनं मला बाजूला घेतलं. “माझं चुकलं होतं. मी सातावरच येणार होतो. तुझ्याकडं बघून थांबलो. तू डोळे मिटून कशावर मोजत होतास?”

“नेहमीसारखं,” मी म्हणालो.

रणजित तिकडे कुणाकुणाशी हात मिळवत होता. लोक त्याला काय काय सांगत होते आणि तो त्यांच्या तोंडांकडे टक लावून बघत होता.

*

पुढच्या वर्षीची तपासणी मी घेतली नाही. दुसऱ्या तालुक्यात काम मागून घेतलं. माझ्या जागी गेलेल्या मुलानं सूर नियमाप्रमाणे वेडेवाकडे पाठवले. रणजितच्या आलेखाची रेघ दोन्ही कानांत उजवीकडे खाली गेली होती, बोलणं ऐकू येतं त्या पट्टीच्याही खाली. त्याला गेटवर घातलं. सोमवार गेला. काही महिने मी आणि मृणाल दोघंच माळ्यावर जात राहिलो, मग तेही सुटलं. तिनं बंगळुरूला नोकरी धरली.

इअरप्लग त्यानं घातले होते का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात पुन्हा त्याच कंपनीत शिबिर लागलं. मला टाळता आलं असतं, पण या वेळी मी टाळलं नाही. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा त्यानंच फाटक उघडलं. पोट सुटलं होतं, मिशी ठेवली होती. दोन्ही कानांमागे यंत्रं होती.

“मर्दा!” तो मोठ्यानं म्हणाला. स्वतःला ऐकू येईल एवढ्यानं. “बाविसावी पसंत पडली बघ! पोरगी आहे आता, तीन वर्षांची.”

मी हात जोडल्यासारखं केलं. त्याला कळेल असं तोंड करून म्हणालो, “रणज्या, तेव्हा मी तो रिपोर्ट—”

“मी मागितला, तू दिलास,” तो म्हणाला. “सोड. वाजवतोस का अजून?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मी पण नाही. ते पण थांबलं.” त्यानं कानापाशी बोट नेलं. “ते ठण-ठण. गेटवर आल्यावर पण चार वर्षं चालू होतं. झोपताना, जेवताना. पोरगी रडायची तर ते मागनं ताल धरायचं. आणि एक दिवस उठलो, तर नाही. दोन वर्षं झाली. बायको म्हणाली, सुटलास. मला खरं करमंना. एवढ्या वर्षांची सोबत.” तो हसला. “कुणाकडं गेलं असंल रे?”

मागून ट्रकनं हॉर्न दिला. त्याला तो ऐकू आला नाही. मी बोटानं दाखवला, तेव्हा तो फाटकाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही गाडी उघडली. आमच्या कामात रोज पहिला माणूस आत जायच्या आधी यंत्र स्वतःच्या कानांवर तपासून घ्यायचं असतं. आपला कान कसा आहे ते आपल्याला माहीत असतं, म्हणून फरक पडला तर यंत्राचा. एक जण आत बसतो, दुसरा सूर पाठवतो. इतकी वर्षं मी दुसऱ्याला आत बसवत आलो होतो. त्या दिवशी माझी सहकारी अश्विनी म्हणाली, “सर, मला सर्दी आहे, कान बंद झालेत. आज तुम्ही बसा.”

मी आत बसलो. हेडफोन लावला. दार बंद झालं आणि रबराच्या कडेनं बाहेरची सकाळ कापून टाकली. आवारात पाळी सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. हॅमर गार होता.

सूर यायला लागले. स्वच्छ येत होते. मी बटण दाबत गेलो. एक, दोन, पाच, दहा. यंत्र उत्तम होतं आणि माझे कानही. वीसपर्यंत गेल्यावर मला वाटलं, एवढे पुरेत, रीडिंग झालं असेल. अंगठा बटणावर तसाच ठेवून मी मान वळवून काचेतून बाहेर बघितलं.

अश्विनी यंत्रापासून दोन पावलं लांब उभी होती. दोन्ही हातांच्या ओंजळीत तिनं चहाचा ग्लास धरला होता, आणि ती हिरव्या दिव्याकडे बघत होती.